शेकोटीभोवतीचे वाङ्मय आणि उद्याचा नागरिक

मे महिन्याचा दुसरा आठवडा होता. आमच्या धर्मग्रामातील चाळीसएक युवक-युवतींना घेऊन आम्ही भंडारदऱ्याला पाच दिवसांच्या उन्हाळी शिबिरासाठी गेलो होतो. बरोबर नेहमीचा शिधा होता, दोन मोठी पातेली होती, ढोलकी होती आणि एक लोखंडी पेटी होती. ही पेटी गेली वीस-बावीस वर्षे माझ्यासंगे शिबिरे हिंडते आहे. गीतपुस्तिका, बोधकथांचे संग्रह, बालवीर चळवळीवरची काही पुस्तके, 'श्यामची आई'च्या दोन जीर्ण प्रती आणि पूर्वीच्या शिबिरांत बसविलेल्या नाटुकल्यांच्या वह्या असा तिचा ऐवज आहे. यंदा शिबिराचा विषय 'आपण नागरिक' असा ठरला होता, आणि पेटीत त्या विषयाला पुरेल एवढे साहित्य आहे अशी माझी समजूत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जलाशयाच्या काठाने फिरून परत येत होतो. वरच्या वाडीतल्या बायका रिकामे हंडे घेऊन टँकरची वाट पाहत रस्त्याच्या कडेला बसल्या होत्या. बारावीची परीक्षा दिलेली एक मुलगी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "फादर, हेच पाणी आपल्या कालव्याला येतं ना? मग ह्या बायका इथं हंडे घेऊन का बसल्यात?"

अर्धेमुर्धे उत्तर मला ठाऊक होते, ते मी दिले. परंतु दुपारी पेटी उघडून संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी काही शोधू लागलो, तेव्हा ध्यानात आले की तिच्यातील एकाही पुस्तकात, गाण्यात वा नाटुकल्यात त्या मुलीच्या प्रश्नाला बसायला जागा नाही. त्या दुपारी पेटीकडे मी प्रथमच टीकाकाराच्या दृष्टीने पाहिले. हा लेख त्या पाहण्यातून आला आहे.

शिबिराचे वाङ्मय हे आपल्याकडे कोणी समीक्षेचा विषय मानीत नाही. ते पाठ होते, गायिले जाते, रात्री शेकोटीभोवती सांगितले जाते आणि शिबिर संपले की विसरले जाते, असा आपला समज. वस्तुतः शाळेतले नागरिकशास्त्र परीक्षेबरोबर विसरले जाते. शेकोटीभोवती ऐकलेली गोष्ट मात्र पन्नाशीतही आठवते. म्हणूनच तिची पारख अधिक काटेकोर व्हायला हवी. मी लावलेली कसोटी साधी आहे. हे वाङ्मय ऐकून मूल चांगले वागेल का, हा पहिला प्रश्न. तो आपण नेहमीच विचारतो. हे ऐकून ते मूल जबाबदार माणसाला सभ्यपणे जाब विचारू शकेल का, आणि स्वतःवर जबाबदारी आली तर जाब देऊ शकेल का, हा दुसरा प्रश्न. तो आपण विचारीत नाही.

पेटीतली सर्वांत जुनी परंपरा बालवीर चळवळीची. १९०७ च्या ऑगस्टमध्ये बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडच्या ब्राउन्सी बेटावर वीसएक मुलांचे शिबिर भरविले. त्यांत श्रीमंतांच्या शाळांतली मुले होती आणि कामकरी वस्तीतलीही होती. दोहोंनी एका तंबूत झोपावे ही गोष्ट त्या काळच्या इंग्लंडात लहान नव्हती. पुढच्याच वर्षी, १९०८ मध्ये, 'स्काउटिंग फॉर बॉइज' हे पुस्तक पाक्षिक भागांत निघाले. त्यातील प्रकरणांना लेखकाने शेकोटीभोवतीच्या गप्पांचे रूप दिले, आणि उपशीर्षकातच हे उत्तम नागरिकत्वाच्या शिक्षणाचे पुस्तक आहे असे जाहीर केले. आज आपण ज्याला शिबिर म्हणतो त्याचा सांगाडा, म्हणजे तंबू, तुकड्या, शिट्टी, सकाळची कवायत आणि रात्रीची शेकोटी, पुष्कळसा या पुस्तकातून आलेला आहे.

पुस्तक म्हणून त्याचे गुण आजही मान्य करावे लागतात. ते उपदेश करीत बसत नाही, काम देते. गाठ मारायला, पाऊलखुणा ओळखायला, जखम बांधायला शिकविते. मुलाच्या हातांवर त्याचा विश्वास आहे. परंतु त्यातला नागरिक हा साम्राज्याचा नागरिक आहे. तो तत्पर आहे, काटक आहे, आज्ञाधारक आहे, आणि ज्या साम्राज्याची तो सेवा करतो ते न्याय्य आहे की नाही हे विचारणे त्याच्या कर्तव्यांत बसत नाही. आपण साम्राज्य टाकले आणि सांगाडा ठेवला, हे ठीकच झाले. मात्र सांगाड्याबरोबर ती आज्ञाधारकताही नकळत आपल्या शिबिरांत राहून गेली. शिट्टी वाजली की रांग, दुसरी वाजली की शांतता. पाच दिवस हेच केल्यावर समारोपाच्या भाषणात 'तुम्ही लोकशाहीचे आधारस्तंभ आहात' असे आपण मुलांना सांगतो.

दुसरा ग्रंथ 'श्यामची आई'. त्याच्याविषयी लिहिताना लेखणी जपून चालवावी लागते, कारण मराठी घरात तो ग्रंथ नव्हे, घरचे माणूस आहे. साने गुरुजींनी तो १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत बहुतांशी लिहून काढला आणि १९३५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्याची रचना पाहा. आश्रमातील मित्र रोज रात्री जमतात आणि श्याम एकेक आठवण सांगतो. प्रकरणांना नावे आहेत तशीच रात्रींची गणतीही आहे. ग्रंथाला हा घाट देऊन गुरुजींनी मराठीला तिची स्वतःची शेकोटी दिली असे मी मानतो. तिच्याभोवती शिट्टी नाही, तुकडी नाही. एक माणूस आपल्या चुका सांगतो आहे आणि इतर ऐकत आहेत. शौर्याऐवजी पश्चात्ताप सांगणारा कथक शिबिराच्या वाङ्मयात दुर्मिळ असतो. श्यामचा हा मोठेपणा आहे, आणि आपल्या युवकांना तो आजही भिडतो हे मी दर उन्हाळ्यात पाहतो.

परंतु आमच्या दुसऱ्या कसोटीवर हा ग्रंथ कुठे उभा राहतो? 'देवाला सारी प्रिय' या प्रकरणाचे उदाहरण घेऊ. त्या काळी अस्पृश्य मानलेल्या समाजातील एका म्हातारीची लाकडांची मोळी खाली पडलेली आहे. ती एकटीला उचलवत नाही आणि स्पर्शाच्या भयाने कोणी हात लावीत नाही. श्यामची आई मुलाला सांगते की जा, मोळी तिच्या डोक्यावर दे. लोक बोलले तर घरी जाऊन अंघोळ करीन म्हणून सांग. श्याम जातो आणि मोळी उचलून देतो.

अनेक वर्षे मी हा प्रसंग शिबिरात वाचून दाखविला आणि दर वेळी करुणेवर थांबलो. करुणा तिथे आहेच. रूढीच्या भिंतीत राहणाऱ्या एका आईने त्या भिंतीला पाडलेली ती फट आहे, आणि तिच्या काळात तेवढ्यालाही धैर्य लागत होते. पण भंडारदऱ्याच्या त्या रात्री मी तोच प्रसंग पुन्हा वाचला आणि या वेळी मुलांनाच बोलू दिले. एक मुलगा म्हणाला, "मोळी उचलली ते बरं केलं, पण अंघोळ कशाला?" दुसरा म्हणाला, "म्हातारीला कोणी काही विचारलंच नाही." आपल्या जिल्ह्यातील ख्रिस्ती कुटुंबांना मला हे उलगडून सांगण्याची गरज नाही. आपल्यापैकी पुष्कळांचे पूर्वज त्या गोष्टीत श्यामच्या जागी नव्हते, मोळीखाली होते. आणि तरीही ती गोष्ट आपण आजवर श्यामच्या बाजूने ऐकत आणि ऐकवीत आलो. म्हातारीला रस्त्याने निर्भयपणे चालण्याचा अधिकार आहे, हे वाक्य त्या प्रकरणात नाही, आणि आमच्या शिबिरांतही कोणी ते म्हटले नाही.

मग ग्रंथ पेटीतून काढून टाकायचा का? तसे करणे अन्यायाचे होईल, कारण या टीकेला सर्वांत समर्पक उत्तर खुद्द ग्रंथकर्त्याने दिलेले आहे. ते त्याच्या चरित्रात आहे. मोळीनंतरची अंघोळ लिहून ठेवणारा हाच लेखक १९४७ च्या १ मे रोजी पंढरपुरात उपोषणाला बसला. विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे एवढीच मागणी. त्यापूर्वी राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाला बरोबर घेऊन त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला, गावोगावची मने वळविली, आणि मगच प्राण पणाला लावले. १० मे रोजी उपोषण सुटले, मंदिराची वाट मोकळी झाली. मोळी उचलून देणे ही एका मुलाची दया. मंदिराचे दार उघडा असे विश्वस्तांना आणि समाजाला सांगणे, आणि त्यासाठी आधी लोकमत जागविणे, हे नागरिकाचे कृत्य. एकाच माणसाच्या आयुष्यात ही दोन्ही टोके आहेत, आणि दुसऱ्या टोकाला तो पहिल्याच्याच बळावर पोहोचला. आपण मुलांच्या हाती पहिले टोक देतो आणि दुसऱ्याविषयी मौन पाळतो. हा दोष ग्रंथाचा नाही, आपल्या निवडीचा आहे.

गुरुजींची आणखी एक गोष्ट पेटीत असायला हवी होती. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक असताना ते वसतिगृह सांभाळीत आणि मुलांसाठी 'छात्रालय' नावाचे दैनिक स्वहस्ते लिहून काढीत. रोजचे दैनिक, तेही हाताने लिहिलेले! वसतिगृहातील मुलांना आपल्या लहानशा जगाची वार्ता रोज लेखी मिळावी यामागे मोठी दृष्टी आहे. जे लिहून सर्वांसमोर येते त्याविषयी बोलता येते, विचारता येते. कुजबुज आणि सार्वजनिक चर्चा यांत हाच फरक असतो.

मराठी मुलखातील तिसरी परंपरा सोमनाथची. चंद्रपूर जिल्ह्यात मूल तालुक्यातील सोमनाथ येथे बाबा आमटे यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस श्रमसंस्कार छावणी सुरू केली. ऐन मे महिन्यात, विदर्भाच्या उन्हात, शहरांतले विद्यार्थी कुदळ-फावडे घेऊन सकाळी राबायचे आणि नंतर व्याख्याने, चर्चा, गाणी. या छावण्यांतून पुढे कार्यकर्त्यांच्या पिढ्या उभ्या राहिल्या. १९८५ च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून निघालेल्या 'भारत जोडो' सायकलयात्रेमागेही हीच युवाशक्ती होती. इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी हात मळतात, मग तोंड उघडते. ज्याने सकाळी बांध घातला त्याचा संध्याकाळचा पाण्यावरचा प्रश्न पोकळ नसतो. तरीही सोमनाथचे अनुकरण करणाऱ्या अनेक शिबिरांत श्रम उरले आणि चर्चा गळाली. एक रस्ता झाडला, छायाचित्र काढले, प्रमाणपत्र वाटले, की झाले नागरिकशास्त्र. रस्ता झाडणे चांगलेच. तो रोज कोणी झाडायचा, त्यासाठी पैसा कुठून येतो आणि तो कुठे जातो, हे विचारल्याशिवाय त्या झाडण्याला नागरिकशिक्षण म्हणता येणार नाही.

आता आपल्या स्वतःच्या वाङ्मयाकडे वळू, म्हणजे पेटीतील त्या वह्यांकडे. एकवीस नाटुकली मी त्या दुपारी वाचली. त्यांतील काही माझ्याच हातची आहेत, तेव्हा हे बोल प्रथम मलाच लागतात. पंधरांच्या शेवटी एक शहाणा माणूस प्रवेश करतो आणि सर्वांना समजावतो. तो कधी शिक्षक असतो, कधी सरपंच, बहुधा फादर. दारू पिणारा बाप त्याचे ऐकून दारू सोडतो, भांडणारे भाऊ गळ्यात पडतात, पडदा. संघर्ष उभा राहतो तो कोणी मोठ्याने येऊन मिटवावा म्हणूनच. तरुण पात्रांना एकाही नाटुकल्यात निर्णय घ्यावा लागत नाही. कलादृष्ट्या हा दोष आहे, कारण नाट्य बाहेरून संपविले जाते. आणि शिक्षणाच्या दृष्टीनेही तोच दोष आहे.

दोन नाटुकली आपल्या जिव्हाळ्याच्या प्रश्नावर आहेत. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने दलित ख्रिस्ती बांधव अनुसूचित जातींच्या सवलतींपासून दूर राहिले. पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध बांधवांचा समावेश झाला, आपला झाला नाही. ही व्यथा खरी आहे आणि ती रंगभूमीवर आलीच पाहिजे. परंतु दोन्ही नाटुकली विलापावर संपतात. निवेदन कोणाला द्यायचे, कायदा कोण बदलतो, न्यायालय काय करू शकते, यांतले काहीच पात्रांना ठाऊक नाही. शिवाय आणखी एक उणीव मला भंडारदऱ्यात जाणवली. आपल्या मुलांना आपले दुःख मांडायला आपण थोडेफार शिकविले. दुसऱ्याच्या दुःखाबद्दल जाब विचारायला शिकविलेच नाही. रिकाम्या हंड्यांविषयी विचारणारी ती मुलगी आपल्या पेटीच्या पुढे गेली होती.

खरे तर भंडारदऱ्याला पुस्तकांची पेटी न्यावीच का, असाही विचार मनात आला. ते धरण हाच एक पाठ आहे. १९१० मध्ये इंग्रज सरकारने त्याचे काम सुरू केले आणि १९२६ मध्ये ते पुरे झाले. गव्हर्नर विल्सन यांचे नाव त्याला मिळाले. त्यात अकरा हजार एकोणचाळीस दशलक्ष घनफूट पाणी साठते. तिथून ते प्रवरेच्या पात्राने रंधा, अकोले, संगमनेर करीत ओझरच्या बंधाऱ्यावर येते आणि डाव्या-उजव्या कालव्यांनी राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवासे भागांत पोहोचते. आपले मळे, हरेगावचा जुना साखर कारखाना, आपल्या अनेक धर्मग्रामांची वस्तीसुद्धा या पाण्यामागोमाग वाढली. ज्यांच्या डोंगरात ते पाणी पडते त्या महादेव कोळी आणि ठाकर वाड्यांना मात्र पावसाळा सरला की उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याची वाट पाहावी लागते. खाली निळवंडे धरण आहे. १९७० मध्ये मंजूर झालेल्या त्या प्रकल्पाचे, १८२ दुष्काळी गावांसाठी असलेले डाव्या कालव्याचे पाणी रीतसर खुले व्हायला २०२३ साल उजाडले. आणखी खाली पैठणचे जायकवाडी. त्याला वरच्या धरणांतून किती पाणी सोडायचे यावर दर तुटीच्या वर्षी वाद होतो. समन्यायी वाटपाचे तत्त्व २००५ च्या जलनियमन कायद्यात आले आहे. शिबिरातील एकाही युवकाने त्या कायद्याचे नाव ऐकले नव्हते, आणि सगळे कालव्याच्या पाण्यावर वाढलेले होते.

याच मातीत आणखी धडे आहेत. इंग्रजांविरुद्ध उठलेले राघोजी भांगरे अकोले तालुक्यातील देवगावचे. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. तालुक्याचा पश्चिम भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो, आणि १९९६ च्या 'पेसा' कायद्याने अशा क्षेत्रातील ग्रामसभेला विशेष अधिकार दिले आहेत. आमचे शिबिर दहा दिवस आधी असते तर १ मेची ग्रामसभा आम्हांला दुरून का होईना पाहता आली असती. पुढील वर्षी तारखा ठरविताना हे लक्षात ठेवणार आहे.

यावर काही पालक म्हणतील, शिबिरात राजकारण आणू नका. त्यांची भीती मी समजू शकतो. पक्षाचा झेंडा शिबिरात नकोच. पण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मधील आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात नागरी आणि राजकीय शिक्षण सर्वांना, विशेषतः तरुणांना, अगत्याचे म्हटले आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०२० च्या 'फ्रातेल्ली तुत्ती' या परिपत्रकात चांगल्या राजकारणासाठी एक सबंध प्रकरण दिले. त्याच परिपत्रकात दयाळू शमरोन्याच्या दाखल्यावरही सबंध प्रकरण आहे. दोन्ही एका ग्रंथात आहेत हे ध्यानात घेण्यासारखे आहे. श्यामच्या हळव्या मनाशिवाय जाब विचारणारा तरुण नुसता भांडखोर होईल, हेही मला मान्य आहे. म्हणूनच 'श्यामची आई' पेटीत राहील. तिच्याशेजारी पंढरपूरची हकिकत येईल, आणि नाटुकल्यांचे शेवट खोडून मुलांना पुन्हा लिहायला दिले जातील.

शेवटच्या रात्री आम्ही शेकोटी पेटविली नाही. आसपासचे रान अभयारण्यात येते, मेअखेरीस तिथे झाडांवर काजवे उतरू लागतात, आणि उजेड व जाळ त्यांना घातक ठरतो, असे वाडीतल्या एका वयस्क गृहस्थांनी सांगितले होते. पहिल्या दोन रात्री आम्ही कोणालाही न विचारता जाळ केला होता. नागरिकशिक्षणाच्या शिबिरात, हे विशेष. तेव्हा त्या रात्री दोन कंदिलांच्या उजेडात मुलांनी मोठ्या कागदावर आपले दैनिक लिहिले, 'छात्रालय'ची गोष्ट ऐकून. त्यात पाण्याविषयी सात प्रश्न होते. प्रत्येकासमोर तो कोणाला विचारायचा हेही लिहिले होते : ग्रामपंचायत, तहसीलदार, जलसंपदा विभाग.

आठवा प्रश्न माझ्यासाठी होता. 'आपल्या चर्चचा जमाखर्च फलकावर का लावला जात नाही? – धर्मगुरू व पॅरिश कौन्सिल यांना.'

मी तो दोनदा वाचला. जमाखर्च आम्ही नीट ठेवतो, वर्षाकाठी वरिष्ठांना पाठवितो. लोकांसमोर लावण्याचे मात्र कधी सुचले नव्हते, किंवा सुचले तेव्हा सोयीचे वाटले नव्हते. परत आल्यावर कौन्सिलची बैठक झाली. दोन सदस्यांचा विरोध होता, तो त्यांनी मोकळेपणाने मांडला आणि त्यावर तासभर चर्चा झाली. जूनच्या दुसऱ्या रविवारी मिस्सानंतर तीन महिन्यांचा जमाखर्च दाराशेजारच्या फलकावर लावला. मंडप दुरुस्तीच्या रकमेपुढे कोणीतरी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले आहे. त्या खर्चाची पावती शोधण्याचे काम चालू आहे.